साथींत दार कोणीं ठोठावलें?

मांजरी बुद्रुक हें गांव पुण्याच्या पूर्वेस, हडपसरच्या पलीकडे, मुळा-मुठेच्या कांठीं आहे. मंडईंत 'मांजरी गोटा' म्हणून जें वांगें विकतें तें याच गांवचें नांव मिरवितें. जोतीराव फुले यांची शेती मांजरीस होती, हें आमच्या जुन्या वाचकांस सांगावयास नको. पुढें तेथें उसाची संस्था आली, द्राक्षांचें संशोधन केंद्र आलें. परंतु परदेशांत कोणास मांजरीचें नांव माहीत असेल तर तें वांग्यामुळें नाहीं, उसामुळें नाहीं आणि जोतीरावांमुळेंही नाहीं; तें लशीमुळें आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटचा मोठा कारखाना मांजरीच्या शिवारांत उभा आहे. ऑक्सफर्डच्या पंडितांनीं शोधून काढलेली कोविशील्ड लस येथें तयार झाली, आणि १२ जानेवारी २०२१ रोजीं पहांटे तिचे पहिले ट्रक पुण्याच्या विमानतळाकडे निघाले. चार दिवसांनीं, १६ जानेवारीस, देशभर टोंचणी सुरू झाली. थोड्याच दिवसांत ही लस ब्राझील, मोरोक्को अशा दूरच्या मुलखांतही गेली.

या गोष्टीचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? आम्हांसही वाटतो. पण त्याच महिन्याच्या २१ तारखेस याच मांजरीच्या आवारांत बांधकाम चाललेल्या एका इमारतीस आग लागून पांच मजूर मेले, ही गोष्ट त्या अभिमानाच्या शेजारीं लिहून ठेविली पाहिजे. ट्रक सर्वांस आठवतात. ते पांच जण किती जणांस आठवतात? मोठ्या कामाचा इतिहास लिहितांना खालचा माणूस गळून पडतो, ही आपल्या देशाची जुनी खोड आहे, आणि आजचा आमचा विषयही तोच आहे. लस कारखान्यांत तयार होते हें खरें. परंतु कारखान्यांतील बाटली आणि शेतकऱ्याच्या बाईचा दंड यांच्या मधलें जें अंतर आहे तें कोणी कापलें?

याचा हिशेब साधा आहे. कोविशील्डची एक बाटली दहा जणांची. ती दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यांत ठेवावी लागते, आणि एकदां उघडली म्हणजे चार तासांत संपवावी लागते. नाहींतर राहिलेली मात्रा फेंकून द्यावयाची. म्हणजे बाटली उघडण्यापूर्वीं दहा माणसें केंद्राच्या ओट्यावर हजर पाहिजेत. आतां ज्यानें खेड्यांत चार दिवस काढले आहेत त्यास विचारा, खुरपणीच्या दिवसांत ऐन सकाळीं दहा माणसें एका जागीं जमविणें म्हणजे काय! एकीची गाय व्यालेली, एकाचें पाणी धरावयाचें, एकास ताप येईल म्हणून भीति, एका म्हातारीस सुनेनें सांगितलेलें कीं टोंचून घेतलें तर माणूस वर्षभरांत मरतो. या दहा जणांच्या घरीं आदल्या दिवशीं संध्याकाळीं कोणी तरी गेलें, ओट्यावर बसलें, समजूत घातली, आणि सकाळीं पुन्हां हांक मारली, तेव्हां कुठें बाटलीचें बूच निघालें. थंडावा राखण्याच्या पेट्याही आभाळांतून पडल्या नाहींत. १९८५ पासून देशांत मुलांच्या लसीकरणाचा जो सार्वत्रिक कार्यक्रम चालू आहे, त्यांतून त्या पेट्या, तीं शीतकपाटें आणि त्या पेट्या खांद्यावरून नेणाऱ्या परिचारिका गांवोगांव तयार झाल्या होत्या. पोलिओ या देशांतून गेला तो याच हातांनीं. त्याचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें सांपडला. जी व्यवस्था पस्तीस वर्षें मुकाट्यानें गोवर आणि पोलिओशीं झगडत होती तीच कोरोनाच्या वेळीं उपयोगीं पडली. तिच्यासाठीं कोणीं नारळ फोडला नाहीं.

आतां थोडें मागें जाऊं. १८९६ सालीं प्लेग मुंबईस आला आणि त्या वर्षाच्या अखेरीस पुण्यांत पोहोंचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं इंग्रज सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्यास रँडसाहेबाची प्लेग कमिटी नेमिली. सोल्जर घरांत शिरूं लागले. दार ठोठावलें जाई तें बंदुकीच्या दस्त्यानें. रोगी शोधण्याच्या नांवाखालीं बायकांची विटंबना झाली, सामान रस्त्यावर येऊन जळालें, आणि ज्याच्या अंगांत ताप भरला त्यास माहीत नसलेल्या जागीं उचलून नेलें. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले. प्रेतें लपवूं लागले. सरकारास रोगाशीं लढावयाचें होतें आणि लोक सरकाराशीं लढूं लागले. रोग दोघांच्या मधून वाट काढून पुढें गेला. २२ जून रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, ती हकीकत पोरासोरांस पाठ आहे.

परंतु त्याच साथींत, त्याच पुण्याच्या पूर्वेस, दुसरेंही एक दार ठोठावलें गेलें. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र यशवंतराव हे डॉक्टर होते. त्यांनीं शहराबाहेर हडपसरच्या बाजूस सासाणे मळ्यांत प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. सावित्रीबाईंचें वय तेव्हां ६६ वर्षांचें. त्या घरीं बसून राहिल्या असत्या तर कोणीं नांव ठेविलें नसतें. पण त्या वस्त्यांवर जाऊन रोगी शोधून आणीत. मुंढव्यास गांवकुसाबाहेरच्या वस्तींत पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलास प्लेगनें गांठल्याचें कळतांच त्यांनीं त्यास पाठीवर घेतलें आणि मळ्यांतील दवाखान्यांत पोहोंचविलें. तो संसर्ग त्यांस जडला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. त्यापूर्वीं एकच महिना, ९ फेब्रुवारीस, मुंबईंत प्लेगच्या कामांत असतांनाच 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेंच गेले. आपल्या चळवळीनें एका महिन्याच्या आंत दोन मोठीं माणसें साथीस दिलीं, आणि दोघेंही कोणाच्या हुकुमावरून गेलीं नव्हतीं.

मुंढवा आणि मांजरी हीं शेजारचीं गांवें. ज्या रस्त्यानें लशीचे ट्रक धांवतात त्या टापूंतच ही म्हातारी पोरास पाठुंगळीस घेऊन चालली होती. रँडचें दार ठोठावणें आणि सावित्रीबाईंचें दार ठोठावणें या दोहोंत फरक काय, हें ज्यास कळलें त्यास साथीचें अर्धें शास्त्र कळलें. रँडपाशीं फौज होती, पैसा होता, कायदा होता. सावित्रीबाईंपाशीं यांतलें कांहींच नव्हतें. परंतु त्यांचें तोंड लोकांच्या ओळखीचें होतें. त्यांच्या पाठीवर मूल देतांना आईनें तें लपविलें नाहीं.

१८९७ चा तो कायदा मात्र मेला नाहीं. ९ मार्च २०२० रोजीं, म्हणजे सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशीं, महाराष्ट्रांतील कोरोनाचे पहिले रोगी पुण्यासच सांपडले आणि त्यांस नायडू रुग्णालयांत ठेविलें. १३ मार्चला महाराष्ट्र सरकारनें सव्वाशें वर्षांपूर्वींचा हाच कायदा पेटींतून बाहेर काढला. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. आम्ही बंदीच्या विरुद्ध नाहीं. नव्या रोगापुढें सरकारास कांहीं वेळ मिळविणें भाग होतें. पण काठीनें रस्ता ओस पाडतां येतो, ताप मोजतां येत नाहीं. मोठ्या सडकेवर पोलीस उभा राहिला. घराच्या उंबऱ्याच्या आंत काय चाललें आहे हें पोलिसास कसें दिसावें?

आणि आमच्या गांवांनीं तरी काय केलें? पुष्कळ ठिकाणीं वेशींत कांटे घातले, रस्ते खणले, पुण्यामुंबईहून पायीं आलेल्या आपल्याच भावाला शिवेवर अडविलें. पूर्वीं पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा वाजतगाजत गांवाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. शिवेबाहेर सोडला म्हणजे शेजारच्या गांवांत सोडला! ते लोक तो तिसऱ्या गांवांत ढकलीत. रोग घालविण्याचा हा उपाय नसून रोग फिरविण्याचा होता. २०२० सालीं गाडा नव्हता इतकेंच. बुद्धि तीच होती. ज्या गांवांनीं आलेल्या माणसांस शाळेंत उतरविलें, दोन वेळ भाकरी दिली आणि चौदा दिवस रोज एकदां विचारपूस केली, त्यांनीं खरें काम केलें, आणि अशींही गांवें थोडीं नव्हतीं.

घरोघर जाण्याचें काम सरकारास सुचलें तें 'माझें कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेंत. १५ सप्टेंबर २०२० पासून गांवोगांव पथकें निघालीं. हातांत ताप मोजण्याचें यंत्र आणि बोटास लावण्याचा चिमटा. हा चिमटा म्हणजे काय, हें आम्ही येथें मुद्दाम सांगतों, कारण पुढच्या साथींतही तो लागेल. तो रक्तांतील प्राणवायु मोजतो. निरोगी माणसाचा आंकडा साधारण ९५ च्या वर असतो. कोरोनाची खोड अशी कीं कित्येक रोग्यांस धाप लागण्यापूर्वींच हा आंकडा खालीं घसरे. माणूस ओट्यावर बसून बोलत असे आणि आंत फुप्फुसें बसत चाललेलीं असत. ज्याचा आंकडा वेळेवर दिसला तो पुष्कळदां नळीच्या प्राणवायूवर बरा होऊन घरीं आला. ज्याचा दोन दिवस उशीरा दिसला त्यास मोठ्या यंत्राची गरज लागली, आणि तेथें पोहोंचलेले सगळेच परत आले नाहींत. हे दोन दिवस वांचविण्यास मोठी पदवी लागत नाहीं. एक चिमटा, एक वही, आणि रोज त्याच घरीं जाणारें ओळखीचें माणूस लागतें.

हें माणूस म्हणजे आपली आशाताई. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून ही नेमणूक निघाली. हजार वस्तीस एक बाई. ती त्याच गांवची सून किंवा लेक असावी, थोडें शिकलेली असावी. गरोदर बाईस दवाखान्यांत नेणें, तान्ह्या मुलास भेट देणें, क्षयाच्या रोग्यास गोळ्या देणें, टोंचणीच्या दिवशीं पोरें गोळा करणें, असें तिचें काम. साथ आली आणि या सर्वांवर कोरोनाची पाहणी येऊन पडली. पहिल्या महिन्यांत तिला धड मुखपट्टीही मिळाली नाहीं, अशी कितीतरी गांवांची तक्रार होती. लोकांनीं तिच्या तोंडावर दारें लावलीं. कोठें कोठें अंगावर धांवून गेले. अखेर एप्रिल २०२० मध्यें वटहुकूम काढून आरोग्यसेवकांवर हात टाकणारास सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवावी लागली. म्हणजे १८९७ चा जो कायदा दार ठोठावणारापासून घर वांचवूं शकला नाहीं, त्यालाच १२३ वर्षांनीं घरांतील लोकांपासून दार ठोठावणारीस वांचविण्याचें ठिगळ लावावें लागलें.

आतां हिच्या मजुरीकडे पहा. कागदोपत्रीं ती नोकर नाहीं, 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाहीं, 'मोबदला' आहे. इतक्या बाळंतपणास इतके, इतक्या टोंचणीस इतके, असा तुकड्या-तुकड्यांचा हिशेब. कोरोनाच्या कामासाठीं केंद्र सरकारनें महिन्यास १००० रुपये ठरविले. दिवसास ३३ रुपये आणि कांहीं पैसे झाले. आमच्या कुंभार, सुतार, न्हावी, परीट वाचकांनीं हा हिशेब नीट पाहावा, त्यांस तो ओळखीचा वाटेल. वर्षभर साऱ्या गांवाचें काम करावयाचें, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर उभें राहून पाटील जें सूप भरून देईल तें मुकाट्यानें पदरांत घ्यावयाचें, यालाच आपले वाडवडील बलुतें म्हणत. बलुतेदारी गेली म्हणून आपण सुटकेचा श्वास सोडला. सरकारनें ती आरोग्यखात्यांत पुन्हां मांडली आहे. फरक इतकाच कीं जुन्या बलुतेदारास निदान वतनाचा हक्क होता.

सरकारच्या बाजूनेंही जें खरें तें सांगूं. मार्च २०२० मध्येंच आरोग्यसेवकांसाठीं ५० लाखांचा विमा जाहीर झाला आणि त्यांत आशांचा समावेश होता. परंतु मेल्यावर पन्नास लाख आणि जिवंत असतांना दिवसाचे तेहतीस, या व्यवहारास काय म्हणावें? १५ जून २०२१ रोजीं महाराष्ट्रांतील सुमारें सत्तर हजार आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हां पांढरपेशा मंडळींनीं नाकें मुरडलीं कीं ऐन साथींत हा कसला संप! आमचा उलट प्रश्न असा कीं, ऐन साथींतच त्यांची किंमत कळते, तर मग मागणी दुसऱ्या कोणत्या मुहूर्तावर करावी? आठवड्याभरांत महिन्यास १००० रुपयांची वाढ आणि कोरोना भत्ता म्हणून ५०० रुपये कबूल झाले आणि संप मिटला. पुढें २२ मे २०२२ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें देशांतील सर्व आशांस मोठा पुरस्कार दिला. त्या दिवशीं दिल्लीपासून गल्लीपर्यंत सर्वांनीं अभिनंदनें केलीं. पुरस्कार जिनीव्हाहून आला. किराणा मात्र वाण्याकडूनच आणावा लागतो.

साथींत तळची व्यवस्था दुबळी असली म्हणजे काय होतें, हें मे २०२१ मध्यें सर्वांनीं पाहिलें. १ मे पासून अठरा वर्षांवरील लोकांस लस खुली झाली. पण नांव नोंदवावयाचें तें मोबाईलवर, आणि जागा खुली होतांच दोन-चार मिनिटांत भरून जाई. ज्याच्या हातांत चांगला फोन, ज्याच्या घरांत वेगवान जाळें, ज्यास इंग्रजी चौकटी भरतां येतात, त्याचा नंबर लागे. पुणें शहरांतील लोकांनीं तालुक्यांतील केंद्रांवर जागा धराव्या, मोटारींतून यावें, टोंचून घ्यावें आणि परत जावें; आणि त्याच गांवच्या माणसानें केंद्राच्या फाटकाशीं उभें राहून पहावें, असा प्रकार जिल्ह्यांत ठिकठिकाणीं झाला. त्या शहरवासीयांस आम्ही दोष देत नाहीं. जीव सर्वांस प्यारा आहे. दोष त्या रचनेचा, जिनें रोगाच्या दारांत विद्येची परीक्षा ठेविली. पूर्वीं विहिरीवर कोणी चढावें हें जातीनें ठरत असे, येथें तें फोनानें ठरलें. १२ मे रोजीं तर लस पुरेना म्हणून राज्यानें या वयाची टोंचणीच थांबविली, आणि कारखाना मांजरीला! २४ मे पासून केंद्रावर जाऊन नांव देण्याची सोय झाली, २१ जूनपासून अठरा वर्षांवरील सर्वांस केंद्र सरकारनें फुकट लस देण्याचें पत्करलें, आणि नोव्हेंबरांत 'हर घर दस्तक' म्हणून पुन्हां घरोघर जाण्याचा हुकूम निघाला. म्हणजे सारें फिरून शेवटीं दार ठोठावण्यावरच आलें. तें आधींच केलें असतें तर?

कांहीं शिकलेले गृहस्थ म्हणतात, आशा आणि परिचारिका ठीक आहेत, पण साथ हटविली ती मोठ्या रुग्णालयांनीं. मोठीं रुग्णालयें नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. ऑगस्ट २०२० मध्यें पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचें जंबो रुग्णालय उभें राहिलें, तें त्या वेळीं लागलेंच. पण मैदानावरील मांडव साथ सरल्यावर उठतो. गांवचा दवाखाना उठत नाहीं, त्यांत घातलेला रुपया पुढल्या पिढीस पुरतो. ही गोष्ट काल कळलेली नाहीं. १९१८ च्या मानमोडीनें या देशांत एक कोटीहून अधिक माणसें गेलीं, खेडीं ओस पडलीं, कारण गांवांत विचारणारें कोणी नव्हतें. १९४६ सालीं भोर समितीनें सरकारास लिहून दिलें कीं, आरोग्याची व्यवस्था खेड्याच्या पायापासून बांधा. आज जीं प्राथमिक आरोग्य केंद्रें दिसतात त्यांचें मूळ त्या अहवालांत आहे. तीस हजार वस्तीस एक केंद्र आणि पांच हजारांस एक उपकेंद्र हें आजचें प्रमाण. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें वचन दिलें कीं, २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाचे अडीच टक्के सरकार आरोग्यावर खर्च करील, आणि त्यांतले दोन तृतीयांश या प्राथमिक कामावर. ती मुदत सरली. वचनाचें काय झालें हें मतें मागावयास येणारांस विचारावें.

मोठ्या रोगाकडे सारा गांव धांवला म्हणजे मागें काय राहतें, याचा एकच आंकडा देतों. २०१९ सालीं देशांत क्षयाचे सुमारें २४ लाख रोगी नोंदले गेले. २०२० सालीं १८ लाख. क्षय कमी झाला नव्हता. तो विचारणारी बाई दुसऱ्या कामास जुंपली होती. न विचारलेला क्षयरोगी घरांत खोकत राहिला, आणि तो कोणाकोणास देऊन गेला याचा हिशेब कोणत्याही जंबो रुग्णालयाच्या वहींत लिहिलेला नाहीं.

दुसरा आक्षेप जुना आहे, आणि तो ऐकला म्हणजे आम्हांस हसूं येतें. चार बुकें शिकलेल्या बाईला औषधांतलें काय कळतें? शूद्रास विद्या कशास, या प्रश्नाचाच हा धाकटा भाऊ! याचें उत्तर महाराष्ट्रानेंच दिलें आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य नगर जिल्ह्यांत जामखेडास गेलें. त्यांनीं खेड्यांतील निरक्षर, दलित, टाकलेल्या अशा बायका निवडल्या आणि त्यांस बाळंतपण, लहान मुलांचे आजार, पाणी, आहार यांचें शिक्षण दिलें. ज्या बाईच्या हातचें पाणी गांव पीत नव्हता तिलाच गांवच्या सुना बाळंतपणास हांक मारूं लागल्या. गडचिरोलींत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं गांवच्या बायकांस तान्ह्या मुलांची घरच्या घरीं शुश्रूषा करण्यास, वेळ पडल्यास सुई देण्यासही शिकविलें. १९९९ सालीं त्यांनीं जगापुढें ठेविलेल्या हिशेबांत अशा गांवांतील तान्ह्या मुलांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं उतरले होते. आमच्या शेजारीं हडपसरलाही डॉ. दादा गुजर आदि मंडळींनीं साने गुरुजींच्या नांवानें रुग्णालय उभारलें. विद्या कोणाच्या बापाची नाहीं, मग ती वेदाची असो कीं वैद्यकाची.

आतां दोन कडू शब्द आपल्याच घरासाठीं. साथींत आपण ताप लपविला. पोरीचें लग्न ठरलें आहे, दूध डेअरीला जाणें बंद होईल, शेजारी वाळीत टाकतील, अशा कारणांनीं लपविला. देवऋष्याकडे गेलों. सुई आणि सलाईन लावल्याशिवाय जो डॉक्टर परत पाठवितो तो नालायक, अशी आपली समजूत. मग फुकट मिळणाऱ्या आशाताईच्या चिमट्यास कोण विचारतो? पारावर बसून ती दिवसभर घरोघर फिरते म्हणून तिच्या चालीविषयीं बोलणारे पुरुषही आपल्यांतलेच. सावित्रीबाई शाळेंत जातांना त्यांच्या अंगावर शेण पडलें ही हकीकत आपण सभांतून रडत सांगतों. आपल्या गल्लींतील बाई दारांत आली तर तिला निदान पाणी विचारावें.

आणि शेवटीं पुन्हां मांजरी. ३० जून २०२१ रोजीं, साथ चालू असतांनाच, मांजरी बुद्रुकसह तेवीस गांवें पुणें महानगरपालिकेंत घेतलीं गेलीं. ग्रामपंचायत गेली. ग्रामपंचायतीबरोबर गांवची आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समितीही गेली, जिच्या हातीं थोडे कां होईनात पैसे असत आणि जिच्यापुढें आशाताईस उभें राहून बोलतां येई. त्या बदल्यांत महापालिकेंत बसणारा आपला माणूस मिळावयाचा होता. परंतु १४ मार्च २०२२ रोजीं महापालिकेची मुदत संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ सारा कारभार एका प्रशासकाच्या सहीवर चालला. म्हणजे ज्या गांवांतून जगाला लस गेली त्या गांवास, माझ्या वस्तींत परिचारिका किती, असें विचारण्यास त्या काळांत हक्काची जागाच उरली नव्हती. खेडें म्हणावें तर पंचायत नव्हती. शहर म्हणावें तर नगरसेवक नव्हता. चाळी आणि सोसायट्या मात्र दर वर्षीं वाढत आहेत, आणि वीटभट्टीवर, बांधकामावर, ऊसतोडीवर आलेलीं बिऱ्हाडें कोणत्या यादींत आहेत हें सांगणारें कोणी नाहीं. पुढची साथ या बिऱ्हाडांतूनच आधीं जाईल, कारण तेथें खोली एक आणि माणसें सात.

आमचें म्हणणें असें आहे कीं, आशाताईस स्वयंसेविका म्हणण्याचें सोंग बंद करून तिला नोकर म्हणावें आणि महिन्याचा ठरीव पगार द्यावा. महापालिकेंत आलेल्या गांवांत वस्तीवार आरोग्य समित्या पुन्हां बसवाव्या, त्यांत निम्म्या बायका असाव्या आणि मजूर बिऱ्हाडांचा एक तरी माणूस असावा. साथ नसतांनाही दर केंद्रांत चिमटे, ताप मोजण्याचीं यंत्रें आणि दोन महिन्यांच्या मुखपट्ट्या शिल्लक असल्या पाहिजेत, आणि त्यांची यादी दारावर लाविली पाहिजे. यांत अशक्य असें कांहीं नाहीं. बाटलीच्या मानानें हें फार स्वस्त आहे.

तोंवर मांजरी, मुंढवा, हडपसर, वाघोली आणि आजूबाजूच्या वाचकांनीं एक काम करावें. चार घरच्या चार बायामाणसांनीं मिळून आपल्या क्षेत्रीय कार्यालयांत किंवा आरोग्य केंद्रांत जावें आणि इतकेंच विचारावें: आमच्या वस्तीस आशा किती, परिचारिका किती, त्यांच्या किती जागा रिकाम्या, आणि मागील तीन महिन्यांचा त्यांचा मोबदला त्यांस मिळाला किंवा कसें. तोंडी उत्तर घेऊं नये. लेखी मागावें, न दिल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. जें उत्तर येईल तें पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवावें. गांवाचें नांव ठळक अक्षरांत घालून, आलें तसें, येथेंच छापूं.